विदर्भातली चार राष्ट्रीय उद्यानं, बारा महिने : कोणत्या जंगलात कधी जावं?

रानजाई

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी मृग लागला त्याच आठवड्यात बाबांनी ठरवलं, की विदर्भातली चारही राष्ट्रीय उद्यानं वर्षभरात बघून घ्यायची. ताडोबा, पेंच, नवेगाव आणि मेळघाटातलं गुगामल. राज्यात एकूण सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत, त्यातली चार आपल्या अंगणात आणि आम्ही नागपूरकर असून तीन बघितलेलीच नव्हती. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. पुढच्या वर्षी पाय साथ देतील की नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण घाई त्याचीच होती.

वर्ष पूर्ण झालं. जो भेटतो तो एकच विचारतो, "वाघ दिसला का?" दिसला, दोनदा. पण मला इथे वेगळंच सांगायचं आहे. माझं मत असं झालंय, की आधी महिना ठरवावा आणि मग जंगल निवडावं. आपण बरोबर उलटं करतो. सुट्ट्या मे महिन्यात, म्हणून सगळे मे महिन्यात ताडोबाला.

पावसाळ्यात, म्हणजे १ जुलै ते ३० सप्टेंबर, गाभा क्षेत्रातल्या सफारी बंद असतात. म्हणून श्रावणात आम्ही चिखलदऱ्याला गेलो. परतवाडा सोडून घाट लागला आणि समोरचं काही दिसेना, इतकं धुकं. भीमकुंडाचा धबधबा आधी नुसता ऐकला. पंधरा मिनिटं कठड्याला धरून उभे राहिलो तेव्हा एकदाच धुकं फाटलं आणि दिसला. दुसऱ्या दिवशी सेमाडोहच्या रस्त्याला लागलो. साग फुलला होता. एवढ्या रांगड्या झाडाला इतका नाजूक पांढुरका तुरा येतो, हे मी पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा नीट पाहिलं. रस्त्याच्या कडेला बाबांनी सागाचं एक कोवळं पान खुडलं, तळहातावर चोळलं आणि हात माझ्यासमोर धरला. कुंकू कालवल्यासारखा लाल! लहानपणी आजोळी हाच खेळ होता म्हणाले.

ऑक्टोबरात ताडोबा. उद्यान उघडून आठवडा झाला होता. गवत जिप्सीच्या टपापर्यंत, पाणी जागोजागी, त्यामुळे जनावर दिसणं कठीण. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, झाडापासून झाडापर्यंत रानकोळ्यांची जाळी. मादी हाताच्या पंजाएवढी, जाळ्याच्या मधोमध, आणि कोवळ्या उन्हात ते जाळं सोन्याच्या तारेसारखं पिवळं चमकत होतं. तीन तासांत आम्ही अशी किमान चाळीस जाळी बघितली. गाइड म्हणाला, मे महिन्यात येणाऱ्यांना यातलं एकही दिसत नाही.

जानेवारीत नवेगाव बांध आणि मार्चमध्ये पेंच. पेंचमधला मोह मला जन्मभर पुरेल. पहाटे सिल्लारीजवळच्या एका वाडीत आम्ही मोहाच्या झाडाखाली उभे होतो. बोलायचं नाही असं ठरलं होतं. पूर्ण शांतता, आणि त्यात टप्, टप्, मग जरा थांबून पुन्हा टप्. फूल म्हणायचं तर पाकळी अशी नाहीच, फिकट पिवळा, रसाने भरलेला मणी. झाडाखालची जमीन अंगणासारखी झाडून ठेवलेली, एक मावशी टोपलीत वेचत होत्या. त्यांनी ओंजळभर बाबांच्या हातात दिला. गाडीत दिवसभर तो वास होता.

शेवटी बुद्धपौर्णिमेला पुन्हा मेळघाट, मचाणावर. त्याबद्दल सावकाश लिहीन. तुमचे अनुभव लिहा. विशेषतः ज्या महिन्यात कोणी जात नाही, त्या महिन्यातले.

वैशाखवणवा

सुंदर लिहिलंय. पण मे महिन्याची बाजू घ्यायला कोणीतरी हवं, म्हणून मी घेतो. मी सोळा वर्षं दर मे महिन्यात ताडोबात जातोय.

मे महिन्यात जंगल स्वतःला उघडं करतं. सागाचं पान गळलेलं असतं, बांबू विरळ झालेला असतो, नजर पन्नास पावलांऐवजी दोनशे पावलं जाते. नाले आटलेले असतात आणि पाणी राहतं ते मोजक्या तळ्यांत आणि पाणवठ्यांवर. मग सगळ्यांना तिथेच यावं लागतं. चितळ, सांबर, गवा, अस्वल, बिबट आणि वाघ. तासभर एका पाणवठ्यावर इंजिन बंद करून बसलात तर जंगलाचा सगळा व्यवहार समोर उलगडतो. वाघ पाण्यात कसा उतरतो, बघितलंय? पाठमोरा. मागचे पाय आधी, मग हळूच बूड टेकवतो आणि तोंड बाहेर ठेवून बसून राहतो. तोंडावर पाणी आलेलं त्याला आवडत नाही.

आणि पान गळल्यावरच कांडोळाचं झाड दिसतं. पांढरंफटक, गुळगुळीत खोड. चांदण्यात ते उभं बघितलं की त्याला भुताचं झाड का म्हणतात ते कळतं.

चंद्रपूरचा पारा ४६-४७ सहज गाठतो, तेव्हा तयारीने जा. सुती पूर्ण बाह्या, डोक्याला ओला दुपट्टा, माणशी तीन लिटर पाणी, खिशात कांदा (आमच्या आजीचा उपाय, मी अजून पाळतो). दुपारच्या फेरीत ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी जाऊ नये, हे मी कळकळीने सांगतो.

झाडीपट्टीवाला

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडचा. तुम्ही मोहाबद्दल लिहिलं म्हणून दोन शब्द लिहितो.

मोह आणि तेंदूपत्ता (विडीचं पान) हा आमच्याकडचा वर्षाचा नगदी पैसा आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोह, मे महिन्यात तेंदूपाने. पर्यटकांचा हंगाम आणि आमच्या बायाबापड्यांचा जंगलात जायचा हंगाम एकच. मोह पहाटे पडतो, म्हणून पहाटेच जावं लागतं. अस्वलालाही मोह आवडतो, तेही पहाटेच येतं. पान तोडताना बाई वाकलेली असते आणि वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही, असं आमचे जुने लोक सांगतात. २०२५ च्या मे महिन्यात आमच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. गावात चार दिवस चूल पेटवायचं कोणाला सुचलं नाही.

ताडोबाबाहेर, ब्रह्मपुरीच्या जंगलातही वाघ भरपूर आहेत. तिथे बहुतेक ठिकाणी जिप्सी नाही, गेट नाही, फक्त आमची शेतं आहेत. वाघ नको असं आम्ही कोणी म्हणत नाही. ताडोबा नावच आमच्या तारू देवाचं आहे. तो गोंडांचा पुढारी वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, तळ्याकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात त्याची जत्रा. आम्ही वाघासोबत राहतच आलो. पण तुम्ही येता तेव्हा एवढं करा : बफरमधल्या, म्हणजे गाभा क्षेत्राभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावातल्या घरी मुक्काम करा, गावातलाच गाइड घ्या, निघताना कोणाच्या अंगणातला मोह, हळद, तांदूळ विकत घ्या. वाघामुळे गावात चार पैसे येतात हे लोकांना दिसलं, तर वाघ टिकेल.

रानजाई

झाडीपट्टीवाले दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बाबांनाही वाचून दाखवला. त्या पहाटे त्या मावशी एकट्याच होत्या, आणि मी फक्त टपटप ऐकत होते. अस्वलाचा विचार माझ्या मनात आला नाही, त्यांच्या मनात नक्की असणार. पुढच्या वेळी मुक्काम गावातल्या घरीच.

वैशाखवणवा, मे महिन्याचं मान्य. फक्त पहिल्यांदाच जाणाऱ्याने तेवढंच एक जंगल समजू नये.

एक सावधगिरीची सूचना, आमच्या अनुभवातून. ताडोबाला मोहर्ली, कोलारा, नवेगाव (हे नवेगाव बांध नव्हे), झरी, खुटवंडा, पांगडी अशी वेगवेगळी प्रवेशद्वारं आहेत. आम्ही मुक्काम मोहर्लीला घेतला आणि ज्याने बुकिंग करून दिलं त्याने फेरी कोलारा गेटची काढली. आदल्या रात्री लक्षात आलं. आतून सरळ जाता येत नाही, जंगलाला बाहेरून वळसा घालून दोन तासांच्या वर लागतात. सकाळची फेरी गेली ती गेलीच. तेव्हा आधी गेट, मग मुक्काम. ताडोबाचं गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं, बाकी ठिकाणचा बंदचा वार वेगळा, तोही बघून घ्या.

दोन_पिल्लांची_आई

मुलं सात आणि दहा वर्षांची. उन्हात नेण्याची हिंमत नाही, चार तास गप्प बसतील याची खात्री नाही. कुठे आणि कधी?

वैशाखवणवा

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा, पेंच. नागपूरहून सिल्लारी सत्तरेक किलोमीटर, मुलं गाडीत कंटाळायच्या आत पोचता. थंडी ओसरलेली असते, पळस फुलायला लागलेला असतो. मुलांना वाघ शोधायला सांगू नका, आवाज शोधायला सांगा. वानर झाडावरून खोकल्यासारखं ओरडलं, चितळाने तीक्ष्ण कूक दिली, की शिकारी जवळपास आहे. सांबराने हाक दिली तर बहुतेक खरंच आहे, सांबर उगीच ओरडत नाही. माझ्या भाचीने आठव्या वर्षी हे तीन आवाज पाठ केले होते. बिबट्या तिनेच आधी ओळखला, गाइडच्याही आधी.

आणि रात्र तिथेच काढा. २०२४ च्या जानेवारीत पेंचला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिला. आसपासच्या गावांतले दिवे खाली वळवले, झाकले. अमावास्येच्या आसपास गेलात तर मुलांना आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दाखवता येते.

जाताना जबलपूर महामार्गावर, जंगल सुरू झालं की रस्ता उचललेला दिसेल. त्याखालून जनावरांनी जावं म्हणून तो मुद्दाम खांबांवर नेलाय. एक पूल तर पाऊण किलोमीटरचा. त्याखालून वाघ गेल्याचे फोटो कॅमेऱ्यांत आले आहेत. मुलांना हे नक्की सांगा.

झाडीपट्टीवाला

पावसाळ्यात यायचं असेल तर बफरमध्ये अगरझरीला फुलपाखरांची बाग आहे, मुलांना आवडेल. आणि आमच्याकडे वारुळावर सात्या (खायच्या रानअळंब्या) उगवतात त्याच दिवसांत. कोणाच्या घरी सात्यांची भाजी मिळाली तर नशीब समजा.

मेळघाटी

राजेहो, मेळघाट सगळ्यात शेवटी काहून? १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जागांत आमचं मेळघाट होतं. ताडोबाला ते भाग्य पुढे वीसेक वर्षांनी आलं.

इथे वाघ सहजी दिसत नाही, हे आधीच सांगतो. डोंगर, दऱ्या, घाटांचा मेळ म्हणूनच मेळघाट. सपाटी नाही, जनावराला लपायला जागा भरपूर. पण सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या पाच नद्या इथून तापीला जातात. हे जंगल नसेल तर तापीचं काय होईल याचा विचार करा.

जायचं तर होळीला या. कोरकू लोकांचा तो सगळ्यात मोठा सण. बाहेरगावी मजुरीला गेलेली पोरं कुठूनही परत येतात. ढोल आणि बासरी रात्रभर चालते, पुढचे चार-पाच दिवस फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात, वाटेत अडवलं तर हसत द्या. मेघनाथाच्या खांबाची पूजाही त्याच दिवसांत.

आणि रानपिंगळा! वीतभराचं घुबड. १८८४ नंतर कोणाला सापडलंच नव्हतं, संपलं असं धरून चालले होते. १९९७ साली शहाद्याजवळ सातपुड्यात पुन्हा दिसलं आणि नंतर आमच्या मेळघाटात तर चांगल्या संख्येने. बाकी बहुतेक घुबडं रात्री हिंडतात, हे दिवसाढवळ्या सागाच्या उघड्या फांदीवर बसतं. थंडीच्या सकाळी नऊ-दहाला, ऊन अंगावर घेत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. एकशेतेरा वर्षं लपून राहिलेला जीव माझ्याकडे टक लावून बघत होता.

रानजाई

मेळघाटी, शेवटी ठेवलं कारण सगळ्यात जपून ठेवायचं होतं. आता मचाणाचं लिहितेच.

वनविभाग बुद्धपौर्णिमेच्या रात्री सामान्य लोकांना पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसू देतो, आधी नाव नोंदवावं लागतं. दुपारीच आम्हाला नेऊन सोडलं. सोबत एक कोरकू वनमजूर, रात्रभर. अत्तर नको, भडक कपडे नको, टॉर्च नको, कुजबुजही नको. बाबांना शिडी चढवताना त्या दादाने खालून त्यांची एकेक टाच स्वतःच्या हाताने पायरीवर ठेवली.

अकरापर्यंत फक्त एक साळिंदर आलं. मग चंद्र डोक्यावर आला आणि झाडांच्या सावल्या पायाशी गोळा झाल्या. दोनच्या सुमारास पाचोळा वाजला, आणि आवाज एका बाजूने नाही, तिन्ही बाजूंनी. गवे. मी मोजले चौदा, बाबा म्हणतात सतरा. काळी अंगं चांदण्यात दिसतच नव्हती. दिसत होते ते फक्त गुडघ्यापासून खालचे पांढरे पाय, मोजे घातल्यासारखे. पांढरे पाय चालत चालत पाण्याशी आले आणि पाणी प्यायचा आवाज सुरू झाला. वीसेक मिनिटं तेवढा एकच आवाज. एक वासरू मधेच आईच्या पोटाखाली शिरलं. बाबांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. गेल्यावरही बराच वेळ सोडला नाही.

वाघ नाही आला त्या रात्री.

सातासमुद्रापार

डब्लिनहून लिहितोय. मूळचा भंडाऱ्याचा. डिसेंबर-जानेवारीत दहा दिवस येतोय, आईला घेऊन जायचं आहे. तिचे गुडघे दुखतात. नाताळच्या आठवड्यात ताडोबा मिळत नाहीये. काय करू?

वैशाखवणवा

नाताळ ते नववर्ष कोणत्याही गेटवर जाऊ नका, मिळालं तरी. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यात, आणि दोन्हीकडून जिप्सी. तिला निघायला वाट ठेवली नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मला त्या फोटोत वाघीण नाही दिसली, जिप्सीत उभं राहून मोबाइल उंच धरलेली माणसं दिसली. आपल्यातलीच. ड्रायव्हर पुढे घेतो कारण मागचा माणूस म्हणतो "अजून थोडं पुढे घे." आपण "थांब, मागे घे" म्हणालो तर तो थांबतो. मी म्हणून बघितलंय, थांबतो.

रानजाई

जानेवारीचा पहिला आठवडा जाऊ द्या आणि आईंना नवेगाव बांधला न्या. भंडाऱ्याहून जवळ. जिप्सीचे धक्के त्यांना झेपले नाहीत तरी तळ्याकाठी बसून दिवस जातो. हा बांध कोहळी समाजाने बांधलेला, शेकडो वर्षांपूर्वी. तुमच्या भंडारा-गोंदियाला तळ्यांचा जिल्हा म्हणतात ते त्यांच्याच कर्तृत्वामुळे. हिवाळ्यात तिथे पट्टकदंब येतात, हिमालय ओलांडून. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखी हंस. तलवार बदकं, चक्रवाक येतात. गोंदियाच्या बाजूला धानाच्या बांध्यांत सारसांची जोडी दिसली तर गाडी लांबच थांबवा. महाराष्ट्रात सारस आता जवळपास गोंदियापुरतेच उरलेत.

जिप्सीत बसायचंच असेल तर मधल्या ओळीत, मागे मुळीच नाही, धक्के तिथेच बसतात. पहाटेची थंडी उघड्या गाडीत अंगात शिरते, तेव्हा कानटोपी, हातमोजे, पायावर घोंगडी.

झाडीपट्टीवाला

आणि त्याच दिवसांत आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याच्या, नाटकांचा हंगाम असतो. धान निघालं की गावोगावी मंडप. रात्री दहाला पडदा, पहाटे सुटतं. तुमच्या आईने लहानपणी नक्की बघितली असतील, विचारा त्यांना.

सातासमुद्रापार

परत डब्लिनला पोचलो, म्हणून सांगायला आलो. सगळ्यांचे आभार मानायचे आहेत.

नवेगावला दोन रात्री राहिलो. पहिल्या सकाळी सहाला आई तळ्याकाठी खुर्ची टाकून बसली. धुक्यात पाणी कुठे संपतं ते कळत नव्हतं, नुसते आवाज येत होते. साडेसातला ऊन आलं आणि पट्टकदंबांचा थवा दिसला, किनाऱ्यालगत चरत होता. मी हिमालयाचं सांगितलं तर आई म्हणाली, "इतक्या लांबून येतात, आणि दरवर्षी येतात?" मी बराच वेळ काही बोलू शकलो नाही.

नाटकही बघितलं, सडक-अर्जुनीजवळच्या एका गावात. आई पहाटे साडेचारपर्यंत सतरंजीवर बसली होती, गुडघ्यांसकट.

जंगलात एकच फेरी केली. वाघ नाही, कोळसुनांची (रानकुत्र्यांची) टोळी दिसली, अकरा. रस्त्यात लोळत होती. ड्रायव्हर पुढे घेणार होता, आईच म्हणाली, "राहू दे बाबा, झोपलीयेत ती."

पुढच्या वर्षी मार्चमध्ये रजा टाकतोय. तिला मोह वेचायचा आहे. सिंदेवाहीकडे कोणाच्या घरी दोन दिवस राहता येईल का? झाडीपट्टीवाले दादा, कळवाल का?

झाडीपट्टीवाला

आमच्याच घरी या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात या, तेव्हा मोह भरात असतो. झाडाखाली एकटं जायचं नाही, आमच्या घरच्या बाया पाच-सहा जणी मिळून जातात, आईंना मधे घेतील. बाजेवर गादी टाकून ठेवतो.